धूमकेतू परत येणार हे सांगायला नुसते ७६ मिळवून भागतं का?

इतवारीकर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी इतवारीत एका होलसेल किराणावाल्याकडे हिशेब पाहतो, त्यामुळे प्रश्नही हिशेबाचाच आहे. फक्त माल हॅलेच्या धूमकेतूचा आहे.

भाच्याला घेऊन रमण विज्ञान केंद्रात गेलो होतो. तारांगणाचा शो सुटला अन् पोट्टा सुरू झाला: मामा, त्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅलेनं १७०५ मध्ये कसं काय सांगितलं की धूमकेतू १७५८ ला येईल? मी म्हटलं, त्यात काय, दर ७६ वर्षांनी येते, मिळवले ७६. आठवीतला आहे, पण असा सोडत नाही. सूर्याच्या सगळ्यात जवळून गेला त्या तारखा शोधून आणल्या अन् माझ्यासमोर ठेवल्या. ऑगस्ट १५३१, ऑक्टोबर १६०७, सप्टेंबर १६८२, मार्च १७५९, नोव्हेंबर १८३५, एप्रिल १९१०, फेब्रुवारी १९८६, अन् पुढची जुलै २०६१.

आता वजाबाकी करा. ७६ वर्षं २ महिने. मग ७४ वर्षं साडेदहा महिने. मग साडेशहात्तर. मग ७६ वर्षं ८ महिने. मग एकदम ७४ वर्षं ५ महिने! आमच्याकडे एखादी पार्टी अशी पैसे देऊन राहिली असती, तर शेटजींनी उधारी बंद केली असती.

तर प्रश्न असे. एक, हा फरक काहून पडते? दोन, असा फरक पडत असताना हॅलेनं सांगितलं ते गणित होतं की नशीब? तीन, मी कुठंतरी वाचलं की १८५० च्या सुमारास युरोपात अजून एका मोठ्या धूमकेतूची अशीच वाट पाहिली होती, जो १२६४ अन् १५५६ मध्ये आला होता म्हणे. तो आलाच नाही. युक्ती तीच, मग एक पास अन् एक नापास कसा?

जाणकारांनी सांगावं. सोप्या भाषेत, पण पोरकट नको.


गोकुळपेठकर यांचं उत्तर:

हॅलेचं एवढं कौतुक कशाला? धूमकेतूंचा अभ्यास आपल्याकडे वराहमिहिरांनी सहाव्या शतकातच करून ठेवला आहे. बृहत्संहितेत केतुचार नावाचा अख्खा अध्याय आहे. युरोपला हे हजार वर्षांनी सुचलं. आपल्याच पुस्तकांवरची धूळ आपण झटकत नाही, हे दुर्दैव.


फॅसिट_काकू यांचं उत्तर:

गोकुळपेठकर, अध्याय आहे हे खरं, आणि वाचण्यासारखाही आहे. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला वराहमिहिर स्वच्छ सांगतात की केतूचं, म्हणजे धूमकेतूचं, दिसणं आणि मावळणं गणिताने कळत नाही. ग्रहणं वर्तवणारा माणूस हे लिहितो म्हणजे विचार करूनच लिहितो. मला तर त्यांचा हा प्रामाणिकपणाच फार आवडतो. त्यांना जे जमत नाही म्हणून त्यांनी लिहून ठेवलं, ते पुढे कसं जमलं, एवढाच इथे प्रश्न आहे.

इतवारीकर भाऊ, मी नोकरीभर पाटबंधाऱ्याच्या कामात गणक होते, कॉम्प्युटर यायच्या आधीपासून. लॉग टेबल आणि हँडल फिरवायचं फॅसिट मशीन, हीच आमची हत्यारं. त्यामुळे या गोष्टीत मला हॅलेपेक्षा पॅरिसच्या त्या तिघांबद्दल जास्त माया आहे. पण आधी हॅले.

हॅलेनं ७६ मिळवून सुरुवात केली नाही. जुन्या नोंदींवरून त्यानं २४ धूमकेतूंच्या कक्षा मांडल्या. धूमकेतू दिसतो काही आठवडे, तोही सूर्याजवळ असताना. तेवढ्या तुकड्यावरून लांबट लंबवर्तुळ आणि पॅराबोला (म्हणजे कधीच न मिटणारी, उघड्या तोंडाची वाट) यांतला फरक हाती लागत नाही, म्हणून त्यानं सगळ्यांना पॅराबोलाच धरलं. मग तक्ता समोर ठेवला. त्यात १५३१, १६०७ आणि १६८२ च्या ओळी जवळजवळ सारख्या निघाल्या. तिन्ही उलट दिशेनं फिरणारे, म्हणजे ग्रहांच्या विरुद्ध. तिघांच्या कक्षेचा कल १७-१८ अंश. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरलं तर तिघेही सूर्यापासून साधारण ०.५७ ते ०.५९ वर येऊन वळलेले. कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी जिथे छेदते ती जागाही तीच, एखाद-दोन अंश इकडेतिकडे. वर १४५६ मध्येही एक उलट दिशेनं गेलेला धूमकेतू नोंदीत होताच. वर्षांचं अंतर त्यानं नंतर पाहिलं. आधी वाट जुळली, मग वेळ. तुमचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो, पण त्यावर शेवटी येते.

आता फरक काहून पडतो. गुरू. बाकी सगळे किरकोळ.

हा धूमकेतू सूर्याजवळ असतो तेव्हा सेकंदाला ५४ किलोमीटर पळतो, आणि नेपच्यूनच्या पलीकडच्या टोकाला पोचतो तेव्हा सेकंदाला एक किलोमीटरही नाही. तो बहुतेक आयुष्य त्या टोकाकडे रांगत काढतो. म्हणून आत येताना किंवा बाहेर जाताना गुरूनं त्याचा वेग जरासा बदलला, तरी तिकडे महिनेच्या महिने फरक पडतो. आणि यात एक गंमत आहे, भाच्याला नक्की विचारा: गुरूनं धूमकेतूला पुढे ओढून वेग वाढवला, तर तो लवकर परत येईल की उशिरा? बहुतेक जण लवकर म्हणतात. येतो उशिरा. वेग वाढला की तो सूर्यापासून आणखी लांब जातो, कक्षा मोठी होते, फेरीला जास्त वेळ लागतो. हॅलेला हे कळलं होतं. १६८१ च्या उन्हाळ्यात धूमकेतू गुरूच्या जवळून आला होता, म्हणून पुढची फेरी लांबेल, १७५८ च्या अखेरीस किंवा १७५९ च्या सुरुवातीला येईल, असं त्याच्या पश्चात १७४९ मध्ये छापलेल्या ग्रंथात आहे. तो १७४२ मध्ये वारला. म्हणजे नशीब नव्हे भाऊ, पण पुरतं गणितही नव्हे. दिशा बरोबर, आकडा अंदाजाचा.

आकडा काढला पॅरिसमध्ये. क्लेरो या गणितज्ञानं पद्धत बसवली, आणि आकडेमोडीला दोन माणसं घेतली: लालांद हा तरुण खगोलशास्त्रज्ञ आणि निकोल-रेन लेपोत ही घड्याळजीची बायको. काम असं: धूमकेतूला त्याच्या कक्षेवर थोडासा पुढे सरकवायचा, त्या जागी गुरू किती लांब आणि कुठल्या बाजूला, तो किती ओढतो ते काढायचं, मग शनीचं तेच, मग पुन्हा थोडासा पुढे. अशा दीडशे वर्षांहून जास्त काळाच्या फेऱ्या. आम्ही पेंच नदीचा पूर असाच काढायचो. वर तोतलाडोहला पाणी चढलं की खाली नवेगाव खैरीला किती वाजता किती पोचेल. या तासाचं उत्तर म्हणजे पुढच्या तासाची सुरुवात, मध्ये एक आकडा चुकला की खालचा सगळा कागद रद्दी. दिवसभर मशीनची कर्रकर्र ऐकून रात्री कानात तीच वाजायची. त्या बिचाऱ्यांकडे तर मशीनही नव्हतं. लालांदनं पुढे लिहून ठेवलं की सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधीकधी जेवतानासुद्धा, आकडेमोड चालली आणि त्यात त्याची प्रकृती कायमची बिघडली. लेपोतबाई नसत्या तर हे काम हाती घेण्याची हिंमत झाली नसती, हेही त्यानंच म्हटलं आहे. क्लेरोच्या पुस्तकात मात्र बाईंचं नाव आलं नाही. यावर मी काही बोलत नाही, ऑफिसात काम केलेल्या बायकांना सांगायची गरज नाही.

उत्तर काय निघालं ते तुम्ही स्वतः तपासा, तुमच्याच पद्धतीनं. १६०७ ते १६८२ ही फेरी २७,३५२ दिवसांची. क्लेरो म्हणाला, पुढची फेरी हिच्यापेक्षा ६१८ दिवस लांबेल. ५१८ गुरूमुळे, १०० शनीमुळे. बेरीज २७,९७०. आता १५ सप्टेंबर १६८२ पासून मोजा. १५ सप्टेंबर १७५८ पर्यंत २७,७५८ दिवस होतात (१७०० हे लीप वर्ष नव्हतं, ते विसरू नका). उरले २१२. ते मोजत गेलात की १५ एप्रिल १७५९ ला पोचता. नोव्हेंबर १७५८ मध्ये त्यानं पॅरिसच्या अकादमीत हेच जाहीर केलं: एप्रिलच्या मध्याला, महिनाभर इकडेतिकडे. धूमकेतू अजून कोणाला दिसलेलाही नव्हता. नाताळच्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्यानं तो पहिल्यांदा पाहिला, आणि सूर्याजवळून तो गेला १३ मार्चला. तेहेतीस दिवसांचा फरक. युरेनस आणि नेपच्यून तेव्हा सापडलेच नव्हते आणि गुरू-शनीची वस्तुमानंही कच्ची होती. त्या मानानं मी याला पैकीच्या पैकी देते.

आता तुमचा नापास झालेला. १२६४ आणि १५५६ चे दोन्ही धूमकेतू मोठे होते, लोकांनी डोळे फाडून पाहिले. १७५१ मध्ये डनथॉर्न या इंग्रजानं १२६४ च्या जुन्या नोंदींवरून कक्षा काढली, ती १५५६ सारखी वाटली. मधलं अंतर २९२ वर्षं. १५५६ मध्ये २९२ मिळवले की १८४८. हिंड या खगोलशास्त्रज्ञानं त्याच सुमाराला त्यावर पुस्तकच लिहिलं. १८४८ गेलं. मग हॉलंडच्या बॉम नावाच्या गृहस्थांनी ग्रहांच्या ओढीचा सगळा हिशेब केला. क्लेरोची पद्धतच, जास्त चांगल्या आकड्यांनी. १५५६ ची एक कक्षा धरली तर उत्तर १८५८, दुसरी धरली तर १८६०.

इथेच थांबून बघा. हिशेब चोख, पण आरंभीची शिल्लकच दोन वह्यांत वेगवेगळी. १२६४ ची नोंद म्हणजे बखरी आणि मठातल्या लिखाणातली ‘अमुक नक्षत्राजवळ दिसला’ छापाची. १५५६ चीही तुटपुंजी. आणि हॅलेकडे जुळणाऱ्या तीन फेऱ्या होत्या, इथे फक्त दोन. दोन नोंदींत अंतर एकच मिळतं, आणि एक अंतर कशाशी ताडून पाहणार? हॅलेचं दुसरं अंतर पहिल्यापेक्षा सव्वा वर्षानं कमी होतं, तरी ‘साधारण एवढंच’ हे तरी कळत होतं.

या वाट पाहण्यातच १३ जून १८५७ ला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार अशी आवई युरोपात उठली आणि पॅरिसचे व्यंगचित्रकार खूश झाले. १८५८ मध्ये खरंच एक देखणा धूमकेतू आला, पण तो डोनातीचा, वेगळाच. १५५६ चा काही आला नाही. आज ते दोन वेगवेगळे धूमकेतू मानले जातात.


दुर्बीण_त्रिमूर्तीनगर यांचं उत्तर:

काकूंनी बहुतेक सगळं सांगितलं, मी थोडं पुढचं जोडतो.

हॅलेही प्रत्येक वेळी पास झाला नव्हता. १५३२ आणि १६६१ चे धूमकेतू एकच असावेत असा त्याचा संशय होता. त्या हिशेबानं तो १७८९-९० ला यायला हवा होता, लोक तयारीत होते, आला नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये जपानच्या इकेया आणि चीनच्या झांग यांना एक धूमकेतू सापडला, त्याची कक्षा काढली, तर तो १६६१ चाच निघाला! हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञानं तेव्हा नीट मोजून ठेवलं होतं म्हणून ओळख पटली. ३४१ वर्षांनी. १५३२ चा मात्र कोणीतरी तिसराच.

माझा आवडता मात्र स्विफ्ट-टटल. १८६२ मध्ये दिसला, साधारण १२० वर्षांची फेरी ठरवली, १९८२ च्या आसपास सगळे टपून बसले, पत्ता नाही. खगोलशास्त्रज्ञ ब्रायन मार्सडेन म्हणाले, हा १७३७ मध्ये पेकिंगहून केगलर या पाद्र्यानं पाहिला होता तोच असेल, तर फेरी जास्त लांब आहे आणि तो नोव्हेंबर १९९२ अखेरीस सूर्याजवळून जाईल. सप्टेंबर १९९२ मध्ये तो सापडला आणि १२ डिसेंबरला सूर्याजवळून गेला. १७ दिवसांचा फरक. म्हणजे एकच नोंद होती, दुसरी जुनी बरोबर हुडकली अन् जमलं. काकूंचा मुद्दाच आहे हा.

आणि सगळे ग्रह घेतले तरी हिशेब पुरा होत नाही. हॅलेच्या १९१० च्या फेरीसाठी कॉवेल आणि क्रॉमेलिन या खगोलशास्त्रज्ञांनी फार काटेकोर काम केलं, तरी तीन दिवस चुकले. कारण ग्रहांमध्ये नव्हतंच, धूमकेतूमध्येच होतं. १९५० मध्ये फ्रेड व्हिपलनं सांगितलं की हा मळकट बर्फाचा गोळा आहे. ऊन लागलं की वाफेचे झोत उडतात आणि गोळा उलट बाजूला ढकलला जातो. हॅलेच्या बाबतीत त्यामुळे दर फेरी सुमारे चार दिवस लांबते. हे धरल्यावर १९८६ चं भाकीत काही तासांवर आलं. १९८२ च्या ऑक्टोबरमध्येच अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या पाच मीटरच्या दुर्बिणीनं त्याला हुडकलं, सांगितलेल्या जागीच.

२०६१ बद्दल: २८ जुलै. आता नागपूरकरांनी काय समजायचं ते समजावं, भर पावसाळा. १९८६ ला तो सूर्याजवळ होता तेव्हा आपण सूर्याच्या पलीकडे होतो, म्हणून फिका दिसला. २०६१ ला आपण त्याच्याच बाजूला असू, बराच तेजस्वी दिसायला हवा. ढगांनी परवानगी दिली तर.

तोपर्यंत पोराला त्याचा चुरा दाखवा. हॅलेनं मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी वर्षात दोनदा जाते. ५-६ मेच्या पहाटे ईटा अॅक्वेरिड उल्का, २१-२२ ऑक्टोबरला ओरायनिड. मे महिन्याचं बरं आहे, तसंही लाइट गेली की कूलर बंद होऊन सगळे गच्चीवरच असतात. पहाटे तीननंतर पूर्वेकडे बघायचं. पण फुटाळा तलावावर जाऊन काही दिसणार नाही, तिथे नुसता उजेड. रामटेककडे किंवा उमरेड रोडनं पुढे जा.


इतवारीकर:

सगळ्यांचे आभार. काकू, २७,९७० चा हिशेब केला, बरोबर १५ एप्रिल येते. पण १५३१ ते १६०७ करताना घोळ होऊन राहिला. एक्सेल १९०० च्या आधीची तारीखच घेत नाही, म्हणून हातानं मोजलं. २६ ऑगस्ट १५३१ ते २७ ऑक्टोबर १६०७, माझे २७,८२१ येतात अन् भाच्याला नेटवर २७,८११ सापडले. दहा दिवस कुठं गेले?


फॅसिट_काकू:

पोपनं खाल्ले, भाऊ. १५८२ मध्ये ग्रेगरीनं कॅलेंडर सुधारलं तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आली. तुमची १५३१ ची तारीख जुन्या कॅलेंडरची आहे आणि १६०७ ची नव्या. २६ ऑगस्टचा ५ सप्टेंबर करून घ्या, मग २७,८११ येतील. त्यातून २७,३५२ वजा करा, ४५९ दिवस. दोन फेऱ्यांतला फरक तो हाच. आणि इंग्लंडमधल्या नोंदी वापरणार असाल तर आधीच सांगते, त्यांनी १७५२ पर्यंत जुनंच कॅलेंडर चालवलं. १६८२ ची तारीख इंग्रजी पुस्तकात ४-५ सप्टेंबर दिसली तर दचकू नका, तिच्यातही दहा मिळवायचे.